खराब रीडिंग पाठवायची सोय

गल्लीतल्या प्रत्येक घराचं इंटरनेट बंद करायला प्रेशरकाका स्वतः दारोदार फिरले, आणि तेही सकाळी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून.

“मोजणीच्या मॅडम येतायत,” ते प्रत्येक दारात उभे राहून सांगत. “त्या जाईपर्यंत कोणी काही चालू ठेवायचं नाही. टीव्ही बंद, मोबाईल बंद, त्या डबीचा दिवासुद्धा बंद. कळलं?”

“पण का हो काका?” सलूनवाल्यानं विचारलं. त्याच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली अर्धा फेस पुसलेलं गिऱ्हाईक.

“का म्हणजे? प्रेशर यायला नको?”

काकांची उभी हयात पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व फिरवण्यात गेली होती. साहेब तपासणीला येणार म्हटलं की काका खालच्या सगळ्या वस्त्यांचे व्हॉल्व बंद करून टाकत. मग टेकाडावरच्या शेवटच्या नळाला अशी धार लागायची की साहेबांचा चष्मा ओला व्हायचा. साहेब खूश होऊन चांगला शेरा मारून जात आणि टेकाडावर पुढच्या तपासणीपर्यंत पाणी चढत नसे. या पद्धतीबद्दल काकांची कधी कोणी तक्रार केली नाही. टेकाडावरच्यांनी केली असेल, पण ती वर पोहोचली नसावी.

गल्लीचे प्रतिनिधी म्हणून काकांची निवड झाली तीही याच पुण्याईवर. प्रादेशिक ब्रॉडबँड योजनेच्या कचेरीनं भिंतीभिंतीवर रंगवलं होतं, ‘आपलं इंटरनेट आपण आखू या! लोकसहभाग अनिवार्य!’ आता अनिवार्य म्हटल्यावर सहभागी होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. प्रत्येक गल्लीनं एक माणूस द्यायचा होता. गल्लीच्या बैठकीत प्रत्येक जण आपापल्या चपलेकडे निरखून बघू लागला. काकांना तेवढी चपळाई जमली नाही.

“लाईनमधलं तुम्हालाच कळतं,” समोरच्या घरातल्या हेडबाई म्हणाल्या.

“अहो, मला पाण्याच्या लाईनमधलं कळतं.”

“लाईन ती लाईन.” हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी विषय संपवला की घंटा झाल्यासारखे सगळे उठत. उठले.

तर मॅडम आल्या. चुणचुणीत बाई होत्या. त्यांनी जेवणाच्या डब्याएवढं एक करडं यंत्र काकांच्या टेबलावर ठेवलं आणि त्याला गल्लीची वायर जोडली. सबंध गल्लीला इंटरनेट पुरवणारी ती एकच मरतुकडी वायर. एरवी तिच्यातून संध्याकाळी एखादा फोटो यायला लागला तर आधी कपाळ यायचं आणि हनुवटी जेवणं झाल्यावर. आज गल्लीत सगळं सामसूम. यंत्रावरचा काटा सळसळत वर गेला आणि वरच राहिला.

“अरे वा!” मॅडम म्हणाल्या. “इतकं छान रीडिंग मी या भागात पहिल्यांदा बघतेय.”

काकांची छाती शर्टाच्या गुंड्यांना ताण देऊ लागली. “गल्लीच तशी आहे,” ते म्हणाले. “चहा घेणार?”

मॅडमनी बटण दाबलं. रीडिंग डोळ्याचं पातं लवायच्या आत कचेरीत पोहोचलं. चहा यायला मात्र वेळ लागला.

आठवड्याभरात कचेरीच्या दारावर नकाशा लागला. ज्या वस्त्यांना नवी जाड लाईन मिळणार त्या लाल, ज्यांना गरज नाही त्या हिरव्या. काकांची गल्ली अशी हिरवीगार होती की तिथे गाय सोडावी.

घरी सूनबाईंनी हे ऐकलं आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. लॅपटॉपच्या पडद्यावर त्या लोकांच्या विम्याच्या तक्रारी सोडवत. तक्रार करणारा माणूस रडकुंडीला आलेला असायचा आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर सूनबाईंचा चेहरा मध्येच थिजून हसरा राहायचा. कंपनीनं शेवटचं सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत लाईन सुधारली नाही तर शहरातल्या ऑफिसात येऊन बसा. मुलगा बदली मागायला तयार झाला होता. नातीला तिकडच्या शाळेत जागा मिळेल का, याची चौकशी हळू आवाजात सुरू झाली होती. काका-काकूंना ती ऐकू यायची आणि ते ऐकू येत नसल्यासारखं करायचे.

“बाबा,” सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “त्यांना आपली अडचण मोजायची होती.”

“अगं, पण पाहुण्यासमोर अडचण कोण दाखवतं?”

“ज्याला ती दूर व्हायला हवी असते तो.”

तिकडे सलूनवाल्यानं गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं सुरू केलं होतं. “काका, पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना ताप घरी ठेवून जा हं! म्हणजे डॉक्टर खूश होईल.” काकांनी त्या दिवसापासून दाढी घरी करायला सुरुवात केली. दोन ठिकाणी कापून घेतलं, पण सलूनची पायरी चढले नाहीत.

कापलेल्या गालानंच ते कचेरीत गेले. साहेब भल्या मोठ्या टेबलामागे बसले होते. काकांनी घडलेलं सगळं सांगितलं.

“म्हणजे तुम्ही म्हणताय, रीडिंग खोटं आहे?”

“रीडिंग खरं आहे साहेब. गल्ली खोटी होती.”

“हे बघा आजोबा,” साहेब पुढे झुकले, “या सबंध विभागातून आजवर आमच्याकडे एकही खराब रीडिंग आलेलं नाही. एकही! मग तुमच्याच गल्लीत कसं असेल?”

“मग नकाशात लाल भाग कोणते?”

“जिथून रीडिंगच आलं नाही ते. तिथे कोणी राहत नसावं. त्यांना पहिली लाईन.”

काकांच्या डोक्यात काहीतरी हललं, पण व्हॉल्व गंजलेला असावा, पूर्ण फिरला नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, “पुन्हा मोजा.”

“एकदा मोजलं की मोजलं.”

“मग मी इथेच बसतो. भिंतीवर लिहिलंय ना, लोकसहभाग अनिवार्य. मी सहभागी होतोय.”

ते दाराशी बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, न विचारता, हिरव्या नकाशाची हकिकत सांगत राहिले. सहभाग इतका वाढला की साहेबांना दार उघडता येईना. दुसरी मोजणी मंजूर झाली.

या वेळी काका पुन्हा दारोदार फिरले. शर्ट चुरगळलेला होता. “मॅडम आल्या की जे जे आहे ते चालू करायचं,” त्यांनी हुकूम सोडला. “एकही नळ बंद दिसला तर माझ्याशी गाठ आहे.”

गल्लीनं मनावर घेतलं. सलूनवाल्यानं एकाच वेळी प्रत्येक आरशाखाली वेगळा सिनेमा लावला. हेडबाईंनी देशोदेशी पांगलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना व्हिडिओवर बोलावून वर्ग भरवला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. काकू शेजारच्या घरात राहणाऱ्या बहिणीशी मोबाईलवर चेहरे बघत बोलत होत्या. बहिणीचा आवाज आधी भिंतीतून यायचा आणि मग बऱ्याच वेळानं मोबाईलमधून. काकू दोन्हींना वेगवेगळी उत्तरं देत होत्या.

यंत्रावरचा काटा जरासा थरथरला, वर जायचा विचार केला आणि तळाशी जाऊन निजला.

“बाप रे,” मॅडम म्हणाल्या. “इतकं वाईट रीडिंग मी आयुष्यात बघितलं नाही.”

दाराशी जमलेल्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. काकांना वाटलं, निवृत्तीच्या दिवशीही एवढ्या पडल्या नव्हत्या. “पाठवा मॅडम, पाठवा!”

मॅडमनी बटण दाबलं. यंत्रावर एक गोल फिरू लागला. फिरत राहिला. टाळ्या थांबल्या, बहिणीचा आवाज भिंतीतून आला, “गेलं का गं?” आणि गोल फिरतच राहिला.

“जात नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “लाईनच पुरत नाही. काका, जरा सगळं बंद करायला सांगता? पाच मिनिटं. पाठवण्यापुरतं.”

काका वळलेच होते. जन्माची सवय. पण सूनबाई दारात आल्या होत्या. आतल्या खोलीत त्यांची कंपनीच्या बड्या बाईंबरोबर मीटिंग चालू होती, म्हणजे नव्हतीच, गोठली होती.

“मॅडम, एक विचारू? बंद केल्यावर यंत्र आत्ताचंच रीडिंग पाठवेल ना?”

“नाही. पाठवताना ते पुन्हा एकदा मोजतं. लोकांनी जुनं रीडिंग खपवू नये म्हणून.”

“आणि घरी नेऊन, कचेरीत नेऊन पाठवलं तर?”

“जागेवरूनच पाठवावं लागतं. जागेवरून हललं की पुसून जातं. घरबसल्या कोणी...” मॅडम थांबल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या वायरीकडे. “म्हणजे खराब रीडिंग...”

“...पाठवताच येत नाही,” सूनबाई म्हणाल्या.

काकांच्या डोक्यातला तो गंजका व्हॉल्व कचकन पूर्ण फिरला. विभागातून एकही खराब रीडिंग आलं नव्हतं! कसं येणार? जिथे लाईन धड तिथूनच बातमी जात होती की लाईन धड आहे.

“मग बंद करू नका,” काका म्हणाले. पण म्हणताना त्यांची नजर आतल्या खोलीकडे गेली. पडद्यावर कंपनीच्या बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबल्या होत्या. नळ बंद केले तर मीटिंग चालू होईल. नातीची शाळा, मुलाची बदली, सगळं त्या उघड्या तोंडात अडकलं होतं. काकांचा आवाज खाली आला. “अगं, तुझी मीटिंग तेवढी... आपण फक्त पाच मिनिटं...”

“बाबा, हात लावायचा नाही,” सूनबाई म्हणाल्या. “आज पाच मिनिटांत मीटिंग होईल आणि उद्या परत मी थिजलेली. जायचंच असेल तर खरं रीडिंग देऊन जाऊ.” आणि साध्या फोनवरून त्यांनी कंपनीच्या बाईंना सांगितलं, “मॅडम, पडद्यावर मी आत्ता मान हलवतेय असं दिसत असेल तर ती कालची मान आहे. मी काहीही कबूल केलेलं नाही.”

इकडे मॅडमनीही फोन लावला होता, साहेबांना. खोली लहान असल्यानं साहेबांचं बोलणं सर्वांच्याच कानावर पडत होतं.

“सर, रीडिंग जात नाहीये.”

“मग गल्लीला बंद करायला सांगा.”

“ते ऐकत नाहीत.”

“ऐकत नाहीत म्हणजे? घराघरांच्या तारा काढून टाका!”

हेडबाई पुढे झाल्या. त्यांनी फोन हातात घेतला नाही, पण तशी गरजही नव्हती. “अहो साहेब! गल्लीच्या संमतीशिवाय वायरीला हात लावला तर बघा. लोकसहभाग अनिवार्य आहे, तुम्हीच लिहिलंय भिंतीवर. ‘अनिवार्य’मधला र्य तेवढा चुकलाय, तो दुरुस्त करून घ्या.”

फोनमधून कोणीतरी खुर्चीत सरळ बसल्याचा आवाज आला. साहेब लहानपणी कुठल्या शाळेत होते कोण जाणे. “मॅडम,” ते जरा दबक्या आवाजात म्हणाले, “रीडिंग पाठवल्याशिवाय तुमची भेट पूर्ण होत नाही. भेट पूर्ण झाल्याशिवाय दुसरं काम उघडत नाही. ते तुमचं तुम्ही बघा.”

फोन बंद झाला. मॅडमनी यंत्राकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली, चपला काढल्या आणि पाय वर घेऊन मांडी घातली.

“काका, तो चहा अजून मिळतो का?”

“मिळतो की!”

“मग मी बसते. जाईल तेव्हा जाईल.”

त्या दिवशी ते गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. यंत्र हलवायचं नसल्यामुळे ते काकांच्या टेबलावर राहिलं आणि यंत्राची जबाबदारी मॅडमची असल्यामुळे मॅडम रोज सकाळी डबा घेऊन काकांच्या घरी कामाला येऊ लागल्या. दिवसभर बटण दाबायच्या, गोल फिरायचा, संध्याकाळी काकूंना ‘येते’ म्हणून जायच्या. गल्लीनं पाळ्या लावल्या. मॅडम असेपर्यंत लाईन क्षणभरही मोकळी राहता कामा नये. सलूनवाल्याचे सिनेमे बघायला बिनदाढीचे लोकही येऊन बसू लागले. हेडबाईंच्या वर्गात जुने विद्यार्थी मन लावून शिकू लागले, कारण बाईंचा चेहरा थिजला की बाई आपल्याकडेच रोखून बघतायत असं प्रत्येकाला वाटायचं. खुद्द काका, ज्यांनी आयुष्यात धार तोडण्यापलीकडे काही केलं नव्हतं, दिवसभर खुर्ची टाकून प्रत्येक नळ वाहतोय ना यावर पहारा करत होते. सलूनवाल्यानं त्यांना हाक मारून आत बसवलं आणि गालावरच्या जखमांना फुकट तुरटी लावली.

मुलाला मात्र राहवेना. “बाबा, महिना संपत आला. हट्टापायी तिची नोकरी जाईल हो.”

“जाऊ दे ना,” सूनबाईच आतून म्हणाल्या. “नोकरी गेली तर मी मोकळी. मग मीपण दिवसभर सिनेमे लावून बसेन, लाईन आणखी अडेल.”

तिकडे कचेरीत वेगळंच अडलं होतं. मॅडमची भेट पूर्ण होत नव्हती, त्यामुळे मॅडमच्या हाताखालून जाणाऱ्या एकाही वस्तीचं काम पुढे सरकत नव्हतं. लाल वस्त्या लाल, हिरव्या हिरव्या, आणि वरून साहेबांना विचारणा की योजना एवढी थंड का. साहेबांनी मॅडमना परत बोलावून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, यंत्र सोडून कशी येऊ? यंत्र घेऊन या म्हणाले, तर म्हणाल्या, हललं की पुसेल, आणि सरकारी रीडिंग पुसल्याचं उत्तर कोण देणार, तुम्ही का?

अखेर एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. गाडीतून जाड वायरीचं भलंमोठं वेटोळं उतरलं, पाठोपाठ खांबावर चढणारी माणसं.

“कोणी मागवली?” काकांनी संशयानं विचारलं.

“कचेरीची ऑर्डर आहे. कर्मचाऱ्याच्या कामकाजाच्या सोयीसाठी तात्पुरती लाईन. या घरापर्यंत.”

“माझ्या एकट्याच्या घरापर्यंत?” काका खांबाला पाठ लावून उभे राहिले. “मग गुंडाळा. सगळ्या दारांवरून जाणार असेल तर चढा.”

खांबावर चढणाऱ्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडम आकाशाकडे बघत म्हणाल्या, “कर्मचारी फिरतीवर असते हो. कधी या घरात चहा, कधी त्या.”

लाईन प्रत्येक दारावरून गेली. संध्याकाळी बहिणीचा आवाज भिंतीतून आणि मोबाईलमधून एकदमच आला आणि काकू दचकल्या. सूनबाईंनी कंपनीच्या बाईंशी बराच वेळ बोलून दाखवलं. बाई सारख्या म्हणत होत्या, “अगं, तू हललीस!”

मॅडमनी बटण दाबलं. यंत्रानं नियमाप्रमाणे पुन्हा एकदा मोजलं आणि पापणी लवायच्या आत रीडिंग पाठवून दिलं. उत्तम. विभागातलं सर्वोत्तम.

लगेच साहेबांचा फोन आला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

“बघा! मी म्हणत होतो की नाही?” साहेबांचा आवाज उजळला होता. “या गल्लीत मुळात काही अडचणच नव्हती. आजवर आपल्याकडे एकही खराब रीडिंग आलेलं नाही. मी तसं वर कळवलंसुद्धा.”

काका उसळून काहीतरी बोलणार होते. सूनबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

“आणि हो,” साहेब पुढे म्हणाले, “तुमची भेट पूर्ण झाली. आता ती तात्पुरती लाईन. उद्या माणसं पाठवतो, काढून घेतील.”

सलूनवाला वस्तरा हातात घेऊनच आला होता, त्यानं तो उघडला आणि मिटला. मुलगा खाली बघू लागला. काका मात्र उठले आणि दारात जाऊन कडीला हात लावून उभे राहिले. उद्या येणाऱ्या माणसांना आत्तापासूनच अडवायचं असल्यासारखे.

“ठीक आहे सर,” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. “काढल्यावर नियमाप्रमाणे नवं रीडिंग लागेल ना?”

“लागेलच. लाईनमध्ये बदल झाला की लागतंच.”

“जागेवरून?”

“जागेवरूनच.”

“जुन्या वायरीवरून?”

तिकडे घाईघाईनं कागद चाळल्याचा आवाज आला.

“काही हरकत नाही सर,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा चपला काढल्या. “मी बसते इथे. ते जाईपर्यंत.”

फोनमधून इतका वेळ काहीच आवाज आला नाही की काकांना क्षणभर वाटलं, लाईन गेली. पण लाईन उत्तम होती. तिकडे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती.